आवाज वाढवू नका, खुर्ची जवळ घ्या : जिम रीव्हजचा नाताळचा अल्बम

आमच्याकडे कार्तिक लागला की जत्रा सुरू होतात आणि तिथून मे संपेपर्यंत मला रात्रीची झोप अशी नसतेच. धंदा साऊंडचा. वेंगुर्ला, शिरोडा, इकडे परुळ्यापर्यंत जत्रा, दशावतार, लग्न, हळद, भजनाची डबलबारी (म्हणजे दोन बुवांचा सामना), कबड्डीच्या मॅची, सगळीकडे बॉक्स, माईक, मिक्सर, जनरेटर टेम्पोत घालून मी हजर. आणि दरवर्षी २४ डिसेंबरच्या रात्री चर्चसमोरच्या पटांगणात. हे आधी सांगायचं कारण की मी खाली जे लिहितोय ते माईकवाल्याच्या कानाने ऐकून लिहितोय, संगीताचा अभ्यास असलेला कोणी लिहील तर वेगळं लिहील.

अल्बमचं नाव ट्वेल्व्ह साँग्ज ऑफ ख्रिसमस. गायक जिम रीव्हज, अमेरिकेतला कंट्री गाणारा. कंपनी आरसीए व्हिक्टर, साल १९६३. बारा गाणी, रेकॉर्डच्या दोन बाजूंना सहा-सहा, सगळं मिळून अर्ध्या तासाच्या आसपास. म्हणजे भाताला आधण ठेवून ऐकायला बसलात तर भात होतो आणि अल्बमही होतो.

ज्यांना कंट्री म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या खेड्यापाड्यातलं गाणं, शेतीवाडी, ट्रक, रेल्वे, घर सोडून गेलेला माणूस, तुटलेलं प्रेम, असले विषय, आणि वाद्यं म्हणजे गिटार, फिडल, स्टील गिटार. आपल्याकडे हे एवढं कोण ऐकतो असं वाटेल, पण कोकण, गोवा, वसई, पार केरळपर्यंत ख्रिस्ती घरात जाऊन जिम रीव्हजचं नाव काढा आणि बघा. आमच्या पट्ट्यात तर घरटी एक माणूस बोटीवर, तो येताना टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र, आणायचा आणि सोबत कॅसेटी, आणि त्या कॅसेटींत जिम रीव्हज असायचाच. दक्षिण आफ्रिका, नॉर्वे, श्रीलंका, भारत, ह्या माणसाला अमेरिकेबाहेर जेवढं प्रेम मिळालं तेवढं त्याच्या बरोबरीच्या फार कमी कंट्री गायकांना मिळालं असेल.

माझी ओळख शेजारच्या घरातून झाली. आमचं घर आणि आंटीचं घर यांच्यामधे फक्त एक गडगा, म्हणजे दगडी कुंपण, त्यात पण मधे दोन चिरे काढून ठेवलेले, जाण्या-येण्यासाठी. दिवाळीत आमचा फराळ त्या वाटेने जायचा, नाताळात तिकडून नेवऱ्या, दोदोल आणि केकचं ताट यायचं. नेवरी म्हणजे आमची करंजीच हो, पण आंटीच्या सारणात वेलचीचा वास जरा जास्त, आम्हा पोरांना ती पहिली लागायची. आणि डिसेंबरचा पहिला रविवार गेला की त्या घराच्या पडवीत कागदाची चांदणी लागायची, आत बल्ब, आणि संध्याकाळी अंकलांचा टू-इन-वन.

अंकल बोटीवर इंजिन रूममधे होते. ती कॅसेट त्यांनी कुठल्या बंदरात घेतली ते आता त्यांनाही आठवत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे काय हालत होते ते तुम्हाला माहीत आहे, चपलांना बुरशी, पुस्तकांना बुरशी, फोटोंना बुरशी, तर कॅसेटीची काय कथा. आंटीने त्यावर उपाय काढलेला, बिस्किटाचा पत्र्याचा डबा, तळाला उकडे तांदूळ भाजून थंड करून फडक्यात बांधलेले, त्यावर कॅसेटी उभ्या लावून झाकण घट्ट. दर पंधरा दिवसांनी पुरचुंडी सोडून तांदूळ परत भाजायचे. मी आज हजारो रुपयांचे माईक सांभाळतो, सिलिका जेलच्या पुड्या घालतो, पण ती कॅसेट चाळीसेक वर्षं टिकली ती तांदळावर टिकली. आजही वाजते, मी स्वतः ऐकलीय.

आता गाण्याकडे येतो, आणि आधी माईकबद्दल बोलतो कारण ह्या माणसाची सगळी गंमत माईकमधे आहे.

जिम रीव्हज जन्मला २० ऑगस्ट १९२३ ला, टेक्सासमधल्या गॅलोवे नावाच्या खेड्यात. व्हायचं होतं बेसबॉल खेळाडू, पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, पण दुखापत झाली आणि ते संपलं. मग रेडिओवर अनाउन्सर. लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टच्या रेडिओ स्टेशनवर काम, तिथेच लुइझियाना हेराइड ह्या कार्यक्रमात गाणं, आणि १९५३ ला पहिलं मोठं गाणं गाजलं. पण त्या काळातलं त्याचं गाणं ऐका, मोठ्याने, खणखणीत, चारचौघांसारखं. तेव्हा कंट्री असंच गायचे, खुल्या गळ्याने. मग १९५७ ला फोर वॉल्स नावाचं गाणं आलं तेव्हा त्याने काय केलं, आवाज खाली आणला, माईकच्या एवढं जवळ गेला की ओठ जवळजवळ टेकले, आणि बोलल्यासारखं गायला. कंपनीला ते पसंत नव्हतं, पण त्याचा प्रोड्युसर चेट अॅटकिन्स, जो स्वतः एक नंबरचा गिटारवाला, तो त्याच्या बाजूने उभा राहिला. गाणं चाललं, आणि मग तोच त्याचा आवाज ठरला. पुढे ही'ल हॅव टू गो आलं, फोनवर बोलणाऱ्या माणसाचं गाणं, ते १९६० ला अमेरिकेच्या कंट्री चार्टवर १४ आठवडे पहिल्या नंबरवर होतं.

माईकच्या जवळ जाणं म्हणजे काय ते सांगतो. एका दिशेने ऐकणारा जो माईक असतो त्याच्या तुम्ही जेवढे जवळ जाल तेवढा तुमच्या आवाजातला बेस वाढतो. तुम्ही काही न करता. आवाज भरदार होतो, गरम होतो. पण त्याची किंमत अशी की श्वास ऐकू येतो, तोंडातली थुंकी ऐकू येते, प आणि भ ला माईक फट् करून फुटतो, आणि तोंड जरा इकडे-तिकडे झालं की आवाज एकदम पातळ. स्टेजवर मी रोज बघतो, चांगले चांगले गाणारे माईक तोंडात घालतात आणि त्याच जोराने ओरडतात, मग मी मिक्सरवर बेस कापत बसतो. जवळ जायचं तर आवाज सोडता आला पाहिजे, आणि सोडूनही सूर हलता कामा नये. जिम रीव्हजचा हलत नाही. ह्या अल्बममधे बारा गाण्यांत मला कुठेही एक प फुटलेला सापडला नाही, आणि मी हेडफोन लावून शोधलाय. त्यात पुन्हा रेडिओची सवय, प्रत्येक शब्द सुटा. आमच्यासारख्या मराठी मिडियमवाल्यालाही कळतो.

आता गाणी. सगळ्यांवर सारखं लिहिणार नाही, काही गाण्यांवर लिहिण्यासारखं आहे, काहींवर नाही.

सुरुवात जिंगल बेल्सने. हे गाणं १८५७ चं, घोड्याच्या बर्फगाडीचं गाणं, सगळ्या जगाला पाठ. इथे ते छान आहे, स्वच्छ आहे, पण बाकी काही नाही, पोरं नाचतील एवढं. दुसरं ब्लू ख्रिसमस. हे एल्व्हिस प्रेस्ली ह्या रॉक गायकाने १९५७ ला गायलं आणि बऱ्याच जणांना तेच माहीत आहे, एल्व्हिस त्यात आवाज थरथरवतो, जिम रीव्हज तसं काही करत नाही. आपलं माणूस जवळ नसताना नाताळ येतो, एवढंच गाणं आहे, आणि तो ते तक्रार न करता गातो. आमच्या वाडीत हे गाणं कोणाला समजावून सांगावं लागत नाही. आंटीने लग्नानंतरचे किती नाताळ अंकलांशिवाय काढले ते तिला विचारा, ती बोटांवर मोजून सांगते, आणि एका हाताची बोटं पुरत नाहीत.

सेन्योर सांता क्लॉज हे मेक्सिकन वळणाचं गाणं आहे, ते मला लागत नाही, ह्या अल्बममधलं सगळ्यात कमी आवडतं. पुढे.

चौथं अॅन ओल्ड ख्रिसमस कार्ड. इथे थांबा. जुन्या ट्रंकेतलं नाताळचं एक कार्ड, आणि त्यावरून आठवणारा दोघांचा पहिला नाताळ. मधेच तो गाणं सोडून चक्क बोलायला लागतो, मागे वाद्यं हळू चालू. आपल्याकडे निवेदक मधे बोलतो तसं नव्हे, समोर बसलेल्या एका माणसाशी बोलल्यासारखं. तिथे त्याच्यातला अनाउन्सर कामाला येतो. मी लहानपणी इंग्रजी कळत नव्हतं तेव्हा ह्या जागी कायतरी महत्त्वाचं सांगतोय असं वाटून कान टवकारायचो, आणि आंटी पोळपाटावरचा हात थांबवायची. ती प्रत्येक वेळी थांबवायची. दोन नेवऱ्यांच्या मधे लाटणं तसंच धरून.

मेरी ख्रिसमस पोल्का नाचायचं आहे, आणि नाच येत असेल तर नाचा, ताल एकदम सरळ. मग पहिली बाजू संपते व्हाइट ख्रिसमसवर. बर्फाचं गाणं. आता आमच्याकडे बर्फ म्हणजे बंदरावर मासळीला घालतात तो. वाडीतल्या कोणी पडणारा बर्फ बघितलेला नाही, अंकल सोडून. आमच्याकडे जमिनीवर पांढरं काय दिसत असेल तर शिरोड्याच्या मिठागरातले मिठाचे ढीग, आणि ते पण उन्हाळ्यात, डिसेंबरात तर तिथे नुसतं पाणी. पण हे गाणं लिहिणारा अर्विंग बर्लिन, त्याचं गाणं मुळात बर्फाच्या आठवणीचं आहे, जिथे बर्फ नाही तिथे बसून काढलेल्या आठवणीचं, म्हणून असेल, ते आमच्या डिसेंबरात बसतं. आमचा डिसेंबर म्हणजे पहाटे खळ्यावर दव, आंब्याला कुठे-कुठे मोहोर, रापण ओढल्यावर किनाऱ्यावर बांगड्याचा ढीग, आणि दुपारी घाम. आणि त्यात हा माणूस बर्फाबद्दल एवढ्या शांतपणे गातो की आपणच कधीतरी बघितलेला असं वाटायला लागतं.

दुसरी बाजू सिल्व्हर बेल्सने सुरू होते. शहरातल्या रस्त्यावरच्या नाताळाचं गाणं, १९५० चं. अंकलांच्या कॅसेटवर ह्या गाण्याच्या मधे दोन-तीन सेकंद कोंबड्यांचा आवाज आहे आणि आंटी कोणाला तरी हाका मारतेय, कोणीतरी पोराने चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं होतं. कोणत्या पोराने ते मी सांगत नाही, अंकलांनी त्या वेळी पण विचारलं नव्हतं. त्यामुळे यूट्यूबवर हे गाणं ऐकताना ती जागा आली की अजून मी थबकतो.

मग सी-एच-आर-आय-एस-टी-एम-ए-एस. स्पेलिंगचं गाणं, एकेका अक्षराला एकेक गोष्ट, पहिलं सी बाळ येशूचं. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं. बाईंनी वर्गात ख्रिसमसचं स्पेलिंग विचारलं, त्यात तो टी आहे ना, जो बोलताना ऐकूच येत नाही, तिथे सगळे अडकले. मला आलं, कारण मला ते चालीत पाठ होतं. मनातल्या मनात गाणं म्हणत एकेक अक्षर सांगितलं. बाईंनी विचारलं कुठे शिकलास, म्हटलं जिम रीव्हजकडे. गंमत म्हणून नाही, खरंच त्याच्याकडेच शिकलो.

शेवटची चार गाणी एकदम वेगळी, देवाची. ओ लिटल टाउन ऑफ बेथलेहेम, मेरी'ज लिटल बॉय चाइल्ड, ओ कम ऑल यी फेथफुल आणि सायलेंट नाइट. इथे अल्बमचा रंग बदलतो, बाहेरच्या रस्त्यावरून माणूस घरात आल्यासारखा, आणि मला हा क्रम फार आवडतो, आधी घंटा-सांता-नाच, मग हळूहळू शांत होत जाणं. आजकाल सगळे शफलवर ऐकतात, त्यांना हे कळणारच नाही. कृपा करून हा अल्बम शफलवर लावू नका.

ह्या चारातलं ओ कम ऑल यी फेथफुल मात्र मला थोडं कमी वाटतं. ते गाणं घोळक्याचं आहे, शंभर माणसं उभी राहून म्हणतात तेव्हा छपराला लागतं, आणि त्याच्या आवाजाची जात घोळक्याची नाही. त्यात कोरस जरा पुढे येतो आणि तो मागे पडतो. मी मिक्सरवर असतो तर कोरस दोन बोटं खाली घेतला असता. त्या काळात नॅशव्हिलच्या, म्हणजे अमेरिकेत जिथे कंट्रीची रेकॉर्डिंग होतात त्या शहरातल्या, ह्या लोकांनी फिडल आणि स्टील गिटार कमी करून पियानो, व्हायोलिनचा ताफा आणि मागे गोड कोरस असा साज बसवला होता, त्याला नॅशव्हिल साऊंड म्हणतात, चेट अॅटकिन्स त्यातला मोठा माणूस. त्याने कंट्री गाणं शहरातल्या घरात पोचलं हे खरं, पण कधी कधी साखर जास्त होते, ह्या अल्बममधे पण दोन-तीन ठिकाणी होते.

मेरी'ज लिटल बॉय चाइल्ड हे मूळ १९५६ चं, जेस्टर हेअरस्टनचं, हॅरी बेलाफॉन्टेने गाजवलेलं. आणि सायलेंट नाइट तर १८१८ चं, ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावातल्या चर्चमधे पहिल्यांदा म्हटलं गेलं, शब्द योसेफ मोर नावाच्या पाद्रीचे, चाल फ्रान्झ ग्रुबरची, आणि साथीला ऑर्गन नाही, गिटार. त्या पहिल्या रात्री ते केवढ्या आवाजात म्हटलं असेल? दोन माणसं, एक गिटार, छोटं चर्च. मला वाटतं जिम रीव्हजने म्हटलंय तेवढ्याच. शेवटची ओळ तो ओढत नाही, टाळी घेत नाही, नुसता ठेवून देतो. अल्बम तिथे संपतो आणि तुम्हाला लगेच दुसरं काही लावावंसं वाटत नाही.

आणि एक गोष्ट, जी कळल्यापासून मला हे गाणं तसंच ऐकता येत नाही. अल्बम आला १९६३ ला. ३१ जुलै १९६४ ला जिम रीव्हज स्वतः छोटं विमान चालवत नॅशव्हिलकडे येत होता, सोबत त्याचा पियानोवाला डीन मॅन्युएल, वाटेत वादळी पाऊस लागला आणि विमान पडलं. दोन दिवस शोध चालला. वय ४० वर्षं. म्हणजे हा अल्बम बाजारात आल्यावर त्याला एकच नाताळ मिळाला. त्याच्या नंतर कंपनी वर्षानुवर्षं त्याची गाणी काढत राहिली, १९६६ ला तर डिस्टंट ड्रम्स इंग्लंडात पहिल्या नंबरवर गेलं, आणि १९६७ ला त्याला कंट्रीच्या हॉल ऑफ फेममधे घेतलं.

आता घेण्याबद्दल, कारण इथे लोक फसतात आणि मी पण फसलोय. जिम रीव्हज गेल्यानंतर त्याच्या कितीतरी जुन्या रेकॉर्डिंगवर मागून नवीन वाद्यं चढवून ती परत विकली गेली. शिवाय त्याच्या नावाने, त्याच्या स्टाइलमधे, दुसऱ्याच माणसाने गायलेली गाणी पण फिरतात. मी काही वर्षांपूर्वी हायवेवरच्या एका स्टॉलवर नाताळच्या गाण्यांचा पेन ड्राइव्ह घेतला, वर जिम रीव्हजचा फोटो, घरी येऊन लावला तर पहिल्या ओळीत कळलं की हा तो नव्हे. जाड आवाज काढलाय, पण माईकपासून हातभर लांब. आंटीला मुद्दाम काही न सांगता ऐकवलं, तिने अर्धं गाणं पण होऊ दिलं नाही, "ह्यो कोण? ह्यो आमचो न्हय," म्हणाली आणि आत गेली. तर खूण अशी की अल्बमचं नाव बघा, १९६३ साल बघा, बाराच गाणी आहेत का बघा, पहिलं जिंगल बेल्स आणि शेवटचं सायलेंट नाइट आहे का बघा. वीस-पंचवीस गाण्यांचा जो ढीग असतो त्यात ही गाणी असतात पण क्रम गेलेला असतो आणि मधे काहीही घुसडलेलं असतं.

लावताना काय करायचं ते पण सांगतो. ब्लूटूथ स्पीकरवर बेस बूस्ट असेल तर बंद करा, त्याच्या आवाजात बेस आधीच आहे, वर अजून घातलात तर नुसतं बुमबुम होतं आणि शब्द बुडतात. इको तर अजिबात नको. मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका, त्यात खालचे सूर येतच नाहीत आणि मग हा माणूस साधा वाटतो. जुना लाकडी बॉक्सचा स्पीकर घरात असेल, भले एकच, त्याच्यावर लावा. आणि आवाज कमी ठेवा. खूप कमी.

हे शेवटचं मला माझ्या धंद्याने नाही शिकवलं. माझा सगळा धंदा लांब पोचवायचा. दशावतारातला राजा शेवटच्या बांबूपर्यंत ऐकू गेला पाहिजे, डबलबारीत बुवांचा शब्द देवळामागच्या चहाच्या टपरीवर पोचला पाहिजे, नाहीतर दुसऱ्या वर्षी काम नाही. नाताळात पण तेच. लाऊडस्पीकरला रात्री १० ते सकाळी ६ बंदी हा नियम २००० सालापासून आहे, वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंतची सवलत सरकार देऊ शकतं, ती कोणत्या दिवसाला मिळतेय त्याचे कागद बघून आम्ही काम घेतो. म्हणजे माझं डोकं कायम आवाज किती आणि किती वाजेपर्यंत ह्यातच.

गेल्या नाताळात २४ ला दुपारी पटांगणातलं काम उरकून मी दोन चांगले बॉक्स आंटीच्या पडवीत नेऊन लावले. अंकलांचे कान आता गेलेत, एवढी वर्षं इंजिन रूममधे काढली, त्या वेळी कानाला काही लावायचं कोणी सांगत नव्हतं. मला वाटलं आज त्यांना नीट ऐकवू. कॅसेट लावली, ब्लू ख्रिसमस सुरू झालं, अंकल नुसते माझ्याकडे बघून हसतायत, म्हणजे ऐकू येत नाहीये. मी आवाज वाढवला. अजून वाढवला. पडवीच्या कौलांना थरथर, गडग्यावरचं मांजर पळालं, आणि जिम रीव्हजचा जो काय मऊपणा तो सगळा गेला, नुसता एक जाड माणूस ओरडतोय असं. आंटी हाताला पीठ तसंच घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "झिला, ह्यो माणूस कानात बोलता, तू त्येका बोंब कित्याक मारूक लावतंस?"

मी आवाज खाली घेतला. मास्टर अगदी तळाला, नेहमी मी माईक टेस्ट करताना पण एवढा खाली ठेवत नाही. अंकल उठले, वेताची खुर्ची ओढत ओढत बॉक्सच्या एवढ्या जवळ आणली की गुडघा जाळीला टेकला, डोकं कलतं केलं, बरा असलेला उजवा कान बॉक्सकडे, आणि एक हात बॉक्सच्या लाकडावर ठेवला. कानाने जेवढं येत होतं तेवढं कानाने, बाकीचं हाताने. अॅन ओल्ड ख्रिसमस कार्डमधे तो बोलायला लागला तेव्हा अंकलांचे ओठ हलत होते, शब्द न् शब्द पाठ. आंटी पिठाचे हात तसेच वर धरून दारात उभी. सिल्व्हर बेल्समधे कोंबड्या आल्या, आंटीची चाळीसेक वर्षांपूर्वीची हाक आली, अंकलांनी तिच्याकडे वळून बघितलं.

मी त्या दिवसापासून ह्या माणसाला कधीच मोठ्या आवाजात लावला नाही. रात्री मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेच्या, आधी पटांगणात लोक जमत होते तेव्हा पण येशूजन्माच्या देखाव्याचा जो गोठा असतो त्याच्या बाजूला एकच छोटा बॉक्स ठेवून हळू लावला, बाकीचे सगळे बंद. लोक बोलत बोलत आले आणि गोठ्याजवळ येऊन बोलायचे थांबले. पोरं खाली बसली. कोणी आवाज वाढव म्हटलं नाही.

एक विनंती आहे. कॅसेट आहे, फोनवर पण आहे, पण ह्याची मूळ १९६३ ची मोठी रेकॉर्ड, मोनोवाली, म्हणजे डावा-उजवा असा वेगळा आवाज नसलेली, मी अजून ऐकलेली नाही. ती मोनो आणि स्टिरिओ दोन्ही निघाली होती, आणि एकाच माणसाचा आवाज मधोमध, एकाच जागी कसा बसवलाय ते मला ऐकायचंय. वेंगुर्ला, सावंतवाडी, मालवण, अगदी वसईत पण कोणाकडे घरात पडलेली असेल तर कळवा. विकत मागत नाही, घरी पण नेणार नाही. माझा टर्नटेबल आणि नवी सुई घेऊन मी येतो, तुमच्याच पडवीत बसून अर्धा तास ऐकतो, आणि बुरशी लागलेली असेल तर साफ करून देतो. येताना अंकलांना पण आणेन, त्यांना बॉक्सजवळ एक खुर्ची लागेल.